एका कांचेंतील दोन गति

आगगाडीच्या खिडकीशीं बसून बाहेर पाहण्याचा माझा नाद जुना आहे. मध्यंतरीं पुण्याहून साताऱ्यास जात असतां पाऊस लागला, कांच लावावी लागली, आणि तिन्हीसांजेला डब्यांतले दिवे लागतांच एक गंमत दिसूं लागली. बाहेरचीं शेतें मागें धांवत होतीं, आणि त्याच शेतांवर माझा चेहरा जागच्या जागीं डुलत होता.

"काका, हेंच यंत्राला पूर्वीं उमगत नसे," शेजारीं बसलेला पुतण्या म्हणाला. संगणकाला चित्रांतील गति ओळखावयास शिकविणें हा त्याचा व्यवसाय. लागोपाठच्या दोन चित्रांत प्रत्येक ठिपका कोठून कोठें सरकला, हें गणितानें काढावयाचें. हॉर्न व शंक यांनीं १९८१ सालीं मांडलेल्या प्रसिद्ध रीतींत प्रत्येक ठिकाणीं एकच गति गृहीत धरलेली आहे. कांचेंत तर एकाच ठिकाणीं दोन! मग मधलेंच कांहीं तरी उत्तर येतें. तें ना शेताचें, ना चेहऱ्याचें.

"यावर उपाय?"

"आधीं प्रबळ गति शोधायची. तिच्याप्रमाणें चित्रें जुळवून सरासरी काढली, कीं शेत स्वच्छ राहतें, चेहरा पुसट होतो. इराणी, रूसो आणि पेलेग यांनीं १९९४ सालीं हा मार्ग दाखविला. ब्लॅक व आनंदन यांच्या १९९६ च्या रीतींत, पहिल्या गतींत न बसणारे ठिपके चूक म्हणून टाकून देत नाहींत. त्यांतच दुसरी गति शोधतात."

मी गप्प झालों. माझ्या पिशवींत वाड्याच्या विक्रीचे कागद होते. घरांत आठ मतें. सात विकण्याकडे, एकट्या थोरल्या वहिनी 'नको' म्हणत. दादा गेल्यापासून त्या हळव्या झाल्या आहेत, अशी समजूत करून घेऊन मीं अर्धा वाडा ठेवण्याची तडजोड काढली होती. ती तर कोणालाच नको होती!

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कागद बाहेर न काढतां मी वहिनींपाशीं जाऊन बसलों. "वहिनी, तुमच्या मनांत आहे तरी काय?"

हातांतल्या सुपांतले तांदूळ निवडीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, वाडा खुशाल विका. पण मग मीं राहायचें कोणाकडे, हें अजून कोणी बोललेंच नाहीं."

आठ मतें मोजणाऱ्या मला हा प्रश्न एकदांही दिसला नव्हता. कागद अजून पिशवींतच आहेत. आधीं वहिनींच्या खोलीचें ठरेल; सही मागाहून.