आप्पांसाठी डॉक्टर शोधताना

पोटात दुखलं तर कुठं जायचं, हे आमच्या माकणी गावात लहान पोरही सांगेल. पण वडिलांची, आप्पांची, झोप उडाली, जेवण तुटलं, आणि एका रात्री ते मायला म्हणाले, ‘मी नसलेलंच बरं,’ तेव्हा कुणाला विचारावं हेच मला समजेना. चुलते म्हणाले, बाहेरचं असंल. शेजारी म्हणाले, १९९३च्या भूकंपात खचला नाही तो गडी, सोयाबीन गेल्यानं खचतोय होय!

गावच्या आशा सेविका ताईंनी १४४१६ हा नंबर दिला. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे; रात्रंदिवस, फुकट, मराठीतूनही. पण लावून बोलायचं काय? आजारी मी नव्हतो. पलीकडच्या बाई म्हणाल्या, घरच्यांनीही फोन करायचा असतो. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझे हातपाय गळाले: आप्पांना सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं आजच घरातून हलवा. त्यांना एकटं सोडू नका. जिवावर बेतलं तर १०८ किंवा ११२.

मी विचारलं. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग ‘येतात’ म्हणाले, आणि सावकाराच्या कर्जाचा आकडाही सांगितला. तो घरात कुणालाच ठाऊक नव्हता.

चुलत्यांना भीती पोलिसांची. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५वं कलम मला तेव्हा कळलं: जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली आहे असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम. हे गावागावांत चावडीवर वाचून दाखवायला हवं.

धाराशिवला सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना ‘मानसोपचार’ हा शब्द मी दबक्या आवाजात उच्चारला. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता खोली सांगितली. तिथं कळलं, मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढं शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या देतात. समुपदेशक बोलून मदत करतात. आप्पांना दोन्ही लागलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

पहिल्या आठवड्यात फरक दिसेना, म्हणून मी पुन्हा १४४१६ लावला. या वेळी मायनंच फोन मागून घेतला. तिला झोप लागते का, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.