श्रीखंडाचा डबा

परवा फ्रीज साफ करताना श्रीखंडाचा रिकामा डबा हाताला लागला आणि मी तो सरळ कचऱ्यात टाकला. आमच्या घरात श्रीखंडाचे डबे टाकत नाहीत. (कुणाच्याच घरात टाकत नाहीत म्हणा. मोठ्या आशेने उघडावा तर आत आलं-लसणाची पेस्ट निघते.) लेक बघतच राहिली. "आई, तू चक्क डबा फेकलास?" तेव्हा वाटलं, हे एकदा लिहूनच काढावं. ताईला फोन करून विचारलं. म्हणाली, "लिही. माझं नाव घालू नकोस. आणि उगाच रडकं लिहू नकोस."

तर.

आमच्याकडे थायरॉइड हे ग्रंथीचं नाव नाही, आजाराचं नाव आहे. "तिला थायरॉइड आहे" असं सांगायचं आणि ऐकणारीने "हो का, मलापण" म्हणायचं. आई, दोन मावश्या, ताई आणि मी, सगळ्यांना आहे. माझं धाकट्याच्या बाळंतपणानंतर निघालं, ताईचं चाळिशीत. २०१३ मध्ये देशातल्या आठ शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली होती, तिच्यात जवळजवळ ११ टक्के मोठ्या माणसांची थायरॉइड कमी काम करणारी निघाली. आमच्या घरात कुणी पाहणी केली असती तर आकडा बघून त्यांनी मशीन बदललं असतं.

आणि एकदा का थायरॉइड आहे म्हटलं की बाकी सगळं त्याच्यात बसतं. वजन वाढलं, थायरॉइड. केस गेले, थायरॉइड. सुनेवर चिडलं, थायरॉइड. यात गंमत होती, २०२२ च्या गणपतीपर्यंत.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी ताईचा सांगलीहून फोन आला. मोदक किती फुटले वगैरे झाल्यावर म्हणाली, "अगं, डावीकडे छातीत जड जड वाटतंय. दुखत नाही काही." मी हातातलं काम न थांबवता विचारलं, "टीएसएच कधी केलंयस शेवटचं?"

टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला जो हुकूम पाठवते तो. थायरॉइड काम करेनाशी झाली की हुकूम मोठ्याने सुटायला लागतात, आकडा चढतो. ताईने तपासलं, आकडा थोडा चढलेलाच निघाला. गोळी ७५ ची १०० झाली. सगळ्यांचं समाधान झालं. माझं तर फारच. बघ, मी म्हटलं नव्हतं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला नेहमीचं ब्लाउज एका बाजूने बसेना. तिथून पुढे सगळं भराभर झालं. मॅमोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी, फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑपरेशन. काखेतल्या दोन गाठींपर्यंत पोचला होता. मग किमो, मग रेडिएशन. त्या महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही, ताईने रडकं नको म्हणून सांगितलंय.

पण नातेवाइकांबद्दल लिहायला हरकत नाही. (वाचत आहेत, मला माहीत आहे. आत्या, नमस्कार.) ऑपरेशनच्या चौथ्या दिवशीच बैठकीत निकाल लागला होता: पंधरा-सोळा वर्षं त्या थायरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या, त्यांनीच केलं. "हार्मोनच्या गोळ्या त्या शेवटी. शरीराशी खेळ." पुरावा म्हणून कोपऱ्यावरच्या बाई, त्यांच्या जाऊबाई आणि कुणाचीतरी विहीण, तिघींना थायरॉइड आणि तिघींना ब्रेस्ट कॅन्सर. मी म्हटलं, आत्या, त्या तिघींना मोतीबिंदूपण असेल. थायरॉइडची तक्रार बायकांत इतकी, आणि आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरांत स्तनाचा पहिला. दोन्ही मुख्यतः चाळिशी-पन्नाशीपुढच्या बायकांत. दोन्ही एकीलाच असणाऱ्या सापडणारच. आत्या म्हणाली, "तू फार शिकलीस."

फार शिकलेली बाई त्या रात्री नेटवर बसली. रात्री अकरानंतर नेटवर आजार शोधू नये, हा माझा अनुभव आहे आणि मी तो पाळत नाही. पहिलंच सापडलं ते १९७६ चं. अमेरिकेत मिशिगनमधल्या दोन डॉक्टरांनी साडेपाच हजार बायकांची नोंद तपासली होती. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांत ब्रेस्ट कॅन्सर १२ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत ६ टक्क्यांना. आणि गोळी जितकी जास्त वर्षं, तितका जास्त.

दुप्पट! दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, बाटली उघडली, आणि परत बंद केली. तीन दिवस मी गोळी घेतली नाही. कुणाला सांगितलं नाही. आत्याच्या तोंडावर मोतीबिंदूचा विनोद करणारी मी.

चौथ्या दिवशी जरा डोकं ताळ्यावर आलं आणि पुढचं वाचलं. जितकी जास्त वर्षं गोळी, तितकं बाईचं वयही जास्त असणार ना! आणि वयाबरोबर हा कॅन्सर वाढतोच. त्या बायका मॅमोग्राफीसाठी आलेल्या, म्हणजे गावातल्या कुठल्याही बायका नव्हेत. पुढच्या अभ्यासांत ती दुप्पट टिकली नाही. २००५ मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी तर उलटंच लिहिलं: कॅन्सर झालेल्या बायकांत थायरॉइड कमी असण्याचं प्रमाण निरोगी बायकांपेक्षा कमी. मग २०१६ मध्ये डेन्मार्कचा मोठा अभ्यास आला, तिथे देशभरच्या नोंदी एकत्र असतात. थायरॉइड जास्त काम करणाऱ्या ८० हजारांवर बायका आणि कमी काम करणाऱ्या ६१ हजारांवर. जिथे शंभर कॅन्सर अपेक्षित होते तिथे पहिल्या गटात १११ निघाले. दुसऱ्या, म्हणजे आमच्या गटात, ९४. बस, एवढंच. यासाठी मी तीन दिवस कपाटाशी चोरासारखी उभी होते.

नातं अजिबात नाही असं मात्र नाही, आणि हे वाचताना मला भारी वाटलं होतं. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ज्या प्रथिनाच्या मदतीने आत ओढतात, तेच प्रथिन दूध तयार होताना स्तनातल्या पेशींतही असतं. बाळाच्या थायरॉइडला आयोडीन लागतं, ते आईच्या दुधातून जायला हवं म्हणून ही सोय. स्तनाच्या बऱ्याच कॅन्सरांतही ते प्रथिन सापडतं. म्हणजे दोघी एकमेकींच्या नात्यातल्या. पण एवढ्यावरून एकीने दुसरीचा घात केला असं ठरत नाही.

आणखी एक जुनी गोष्ट. १८९६ मध्ये जॉर्ज बीटसन नावाच्या ग्लासगोच्या सर्जनने 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की स्तनाचा कॅन्सर हाताबाहेर गेलेल्या बाईची अंडाशयं काढली आणि तिला थायरॉइडचा अर्क दिला, आणि गाठी विरल्या. म्हणजे आत्या ज्याला विष म्हणते ते तेव्हा उपचार म्हणून दिलं होतं! त्या दोन गोष्टींतली कामाची निघाली ती अंडाशयाची. अंडाशयातलं इस्ट्रोजेन काही कॅन्सरना वाढवतं, हे पुढे कळत गेलं, आणि ताई आज रोज घेते ती लेट्रोझोलची गोळी त्याच वाटेवरची. शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी.

हे सगळं मी वाचलं, मला समजलं, मी निवांत झाले आणि माझी गोळी परत सुरू केली. ताईला यातलं काही सांगितलं नाही. ती आजारी आहे, तिला कशाला हे आकडे, असा विचार केला. आता वाटतं, दुसरं सगळं ठीक, पण हे चुकलंच.

कारण २०२३ च्या जुलैत डॉक्टरांनी तिला लेट्रोझोल लिहून दिली आणि रिपोर्ट दाखवत सांगितलं, "तुमचा कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह आहे. हार्मोनवर वाढणारा. ही गोळी ते हार्मोन बंद करेल." बरोबरच सांगितलं त्यांनी. ते इस्ट्रोजेनबद्दल बोलत होते. ताईच्या माहितीत हार्मोनची गोळी एकच होती. रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी.

तिने ती बंद केली. कुणाला सांगितलं नाही.

या गोळीचं एक आहे, ती सोडली तरी लगेच काही होत नाही. शरीरात साठलेलं हार्मोन निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. त्यामुळे पहिले काही आठवडे ताईला उलट बरंच वाटलं असणार. मग हळूहळू सुरू झालं. दिवसभर झोप. चेहरा सुजल्यासारखा. आवाज घोगरा. ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर. दिवाळीला मी गेले तर चकलीची भाजणी कुठे ठेवलीय ते तिला आठवेना, आणि ते आठवत नाही याचं काही वाटेना. ताईला! जिला माझ्या लग्नातल्या रुखवताची यादी पाठ आहे.

आम्ही सगळे शहाणे एकमेकांना हळूच सांगत होतो, किमोचा परिणाम. रेडिएशनचा थकवा. असं होतंच. भाऊजी रात्री बाहेरच्या खोलीत येऊन मला म्हणाले, "परत आला असेल का गं?" वर्षापूर्वी ज्या घरात सगळं थायरॉइडच्या नावावर टाकत होतो, त्याच घरात आता सगळं कॅन्सरच्या नावावर जमा होत होतं.

डिसेंबरच्या तपासणीत डॉक्टरांनी टीएसएच करायला सांगितलं. ६८ आलं. असावं साधारण ४-५ च्या आत. ते आधी म्हणाले, मानेजवळ रेडिएशन दिलंय, त्याने थायरॉइडला धक्का लागू शकतो. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "गोळी घेताय ना?"

भाऊजी म्हणाले, "म्हणजे काय! मीच बाटल्या आणतो." ताई गप्प. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. माझे ते तीन दिवस माहीत होते ना मला.

घरी आल्यावर तिने ओट्याखालच्या कप्प्यातून, कढयांच्या मागून, श्रीखंडाचा डबा काढला. आत पाच महिन्यांच्या गोळ्या. रोज सकाळी भाऊजींच्या देखत बाटलीतून एक काढायची आणि पाणी आणायला म्हणून आत जाऊन इथे टाकायची. फेकून का दिल्या नाहीत म्हणून मी विचारलं. "औषध असं फेकवत नाही गं." मग जरा वेळाने, त्याच घोगऱ्या आवाजात, "मला वाटलं, इतकी वर्षं मीच रोज सकाळी त्याला खाऊ घालत होते."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. इस्ट्रोजेन वेगळं, थायरॉक्सिन वेगळं, एकाला टाळं लावलं म्हणजे दुसऱ्यालाही लावायचं नसतं. डेन्मार्कच्या बायका सांगितल्या. बीटसनसाहेब सांगितला. आणि सांगता सांगता गणपतीतला फोनपण निघाला. म्हटलं, तू जड वाटतंय म्हणालीस आणि मी तुला टीएसएच करायला लावलं. साधं हात लावून बघ म्हणाले नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या सेविका दोन वर्षांनी घरोघरच्या बायकांना नुसत्या हाताने तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू तेवढ्याने जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये छापून आलंय हे, म्हणजे तुझ्या फोनच्या आदल्या वर्षी, आणि तू सत्तावन्नची होतीस, आणि मी...

"थांब," ताई म्हणाली. "मी तुला जड वाटतंय म्हणाले. मला तेव्हाच गाठ लागली होती हाताला. गौरींच्या आधीच. तू थायरॉइड म्हणालीस, मला बरं वाटलं."

आम्ही दोघी ओट्याशी तशाच उभ्या होतो. भाऊजी बाहेरून विचारत होते चहा करताय का.

त्या पाच महिन्यांनी काय फरक पडला, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी विचारलंय.

गोळी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली, आधी छोट्या डोसची, मग वाढवत. फेब्रुवारीत तिचा फोन आला, भाजणीवरून मला दहा मिनिटं बोलली, मी केलेली मऊ पडते म्हणून. तेव्हा कळलं, आली परत. आता आणखी एक लक्षात ठेवावं लागतं. लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात म्हणून तिला कॅल्शियमही दिलंय, आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच अडवतं, मध्ये चार तास तरी हवेत. म्हणून एक पहाटे आणि एक रात्री जेवणानंतर. रोज सकाळी सहाला तिचा मेसेज येतो, "घेतली." मी उलट "घेतली" पाठवते.

महिन्याच्या पाच तारखेला तिचा अजून एक मेसेज असतो, नुसतं प्रश्नचिन्ह. ते मी हाताने तपासून बघितलं का याबद्दल असतं. या महिन्यात मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन, आणि हॅलोसुद्धा नाही.

"बाथरूममध्ये जा. मी धरते फोन."