विळा आणि वाट

माझी आई विळा कुठं ठेवला ते विसरायची. सारं घर धुंडाळायची आणि मग "अगं बाई, वळचणीलाच खोचला होता की!" म्हणून स्वतःच हसायची. आम्ही म्हणायचो, साठी बुद्धी नाठी. वय झालं की आठवायला वेळ लागतो, पण आठवतं.

गेल्या सुगीत मात्र निराळंच घडलं. ४० वर्षांची पायाखालची वाट, पण मळ्यातून येताना आई ओढ्यापाशीच उभी राहिली. घर कोणीकडे ते कळेना. जेवून उठली की पुन्हा म्हणायची, "मला कुणी वाढलंच नाही." मी तिच्यावर ओरडलो. त्याची आज लाज वाटते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी समजावलं, "विळा कुठं ठेवला हे विसरणं वयाचं. विळा कशासाठी असतो हेच विसरलं, तर आजाराचं." त्यांनी आधी रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉईड बिघडलं किंवा मन खचलं तरी विसर पडतो आणि तो उपचारानं सुधारू शकतो. आईला मात्र स्मृतिभ्रंश निघाला. तो पुरता बरा होत नाही.

आता आम्ही तिला खोटं पाडत नाही, एकटी सोडत नाही. शेंगा फोडायला दिल्या की रमते. परवा तिनं मला मामाच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

मंडळी, घरच्या वडीलधाऱ्यांचं असं काही दिसलं तर म्हातारचळ म्हणून हसू नका. वेळेवर डॉक्टरांना दाखवा.