आधी ‘सर’, मग ‘आडनाव काय?’



मी व्हिडिओ शूटिंगचं काम करतो. सातारा-सांगली पट्ट्यात ऑर्डर फोनवर पक्की होत नाही. पार्टीसमोर बसावं लागतं, जागा बघावी लागते. ऊन कुठून येतं, ड्रोनला तारा आड येतात का, जनरेटर कुठं ठेवायचा, हे गेल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे महिन्यातून तीन-चारदा साताऱ्याहून सांगलीकडं रेल्वेनं जाणं होतं. वाटेत कऱ्हाडच्या अलीकडं मसूर लागतं.

मसूर आपल्याला माहीत असायलाच हवं. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला ज्याचं नाव दाखल झालं, तो भीमराव १९०१ मध्ये भाऊ आणि भाच्यांबरोबर याच स्टेशनवर उतरला. खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला ही मुलं निघाली होती. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशन मास्तरला वाटलं, ब्राह्मणाची मुलं. त्यानं आपुलकीनं चौकशी केली. जात कळली आणि चेहराच बदलला. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आपण यातला गाडीवान लक्षात ठेवतो. मला मास्तर जास्त महत्त्वाचा वाटतो. तो वाईट वागण्याच्या तयारीत बसलेला नव्हता. त्याची माया खरी होती, फक्त ती टोपीवर होती.

आज ती टोपी म्हणजे माझा कॅमेरा. बॅगेतून गिंबल काढला की “या सर, बसा सर” सुरू होतं. चहा येतो. मग हळूच, “गाव कुठलं पाव्हणं? आडनाव काय?” काहीजण म्हणतील, ही तर आपल्याकडची रीतच आहे, सगळ्यांनाच विचारतात. विचारू देत की. पण उत्तर ऐकून ‘सर’ कुठं जातो, आणि तोवर मान्य असलेला दर अचानक महाग का वाटायला लागतो? सगळ्याच पार्ट्या अशा नसतात. काहींशी माझं घरोब्याचं नातं झालंय. पण ज्या असतात त्यांना ‘अडाणी’ म्हणून सोडून देऊ नका. त्यातले बरेच पदवीधर असतात.

खरं भांडण फ्रेमचं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावाला गावाची फिल्म हवी होती. यादीत मंदिर, तालीम, दूध डेअरी, ऊस, यात्रा. आपली वस्ती नाही, विहार नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, “ते राहू द्या, फिल्म लांबते.” यात्रेला सहा मिनिटं होती!

आता हे किरकोळ वाटेल. पण २०२३ मध्ये याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या बेडगला बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली आणि आपली कुटुंबं गाव सोडून मुंबईच्या दिशेनं चालत निघाली. जे गावाच्या चित्रातच नसतं, ते पाडताना गावाला काही गेल्यासारखं वाटत नाही. म्हणून कॅमेरा हातात असलेल्या आपल्या पोरांनी “आपल्याला काय, पैसे मिळाले की झालं” म्हणू नये. फुकटही करू नये. माझ्या कोटेशनमध्ये दराच्या खालीच आता एक ओळ छापलेली असते: गावातल्या सर्व वस्त्या फिल्ममध्ये येतील. निम्मे पैसे आगाऊ.

त्या पार्टीनं दोन दिवस मागितले. मग फोन आला, “विहार घ्या, पण शेवटी कुठंतरी घ्या.” मी सांगितलं, “अण्णा, फाट्यावरून गावात येताना जे जसं लागतं, तसंच घेणार.” ते कबूल झाले. वस्ती वेशीबाहेर ठेवलेली, त्यामुळे फाट्यावरून येताना आधी विहारच लागतो. फिल्ममध्येही तोच आधी आला.