मान वळवण्याचा प्रश्न

मी कोल्हापूरची, राहते नागोयात, आणि पोट भरते अशा फुटबॉलवर ज्यात कुणाला घाम येत नाही. पोस्टडॉक म्हणजे नक्की काय करतेस, असं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की मी 'मल्टी-एजंट सिस्टीम्स' असं काहीतरी पुटपुटते आणि मोदकाकडे वळते. खरं काम सांगायला सोपं आहे. संगणकातल्या अकरा खेळाडूंनी एकमेकांना माणसांसारखा पास द्यावा, एवढंच मला हवं आहे.

या खेळाचं नागोयाशी जुनं नातं आहे. रोबोकपची पहिली स्पर्धा १९९७ साली इथेच झाली. त्यात खऱ्या रोबोंबरोबर एक निव्वळ संगणकातली लीगही होती, आणि ती ज्या 'सॉकर सर्व्हर'वर चालते तो इत्सुकी नोदा या जपानी संशोधकाने लिहिला. मैदान खऱ्यासारखंच, १०५ बाय ६८ मीटर. पण प्रत्येक खेळाडू म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅम, नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलणारा. सेकंदात दहा वेळा घड्याळ टिकटिकतं आणि प्रत्येक टिकेला प्रत्येकाने स्वतःचं ठरवायचं. सगळ्यांच्या वतीने विचार करणारा मेंदू कुठेच नाही.

पडद्यावर दिसतात ते नुसते आकडे लिहिलेले गोल. एकदा व्हिडिओ कॉलवर मामाला एक सामना दाखवला. मामा आमच्या पेठेच्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर हाफला खेळलेला माणूस. पाच मिनिटं गप्प बसून बघितलं आणि म्हणाला, "पोरी, ही पोरं एकमेकांकडं बघतच न्हाईत की गं. तरी पास बरोबर कसा जातोय?"

माझ्या तीन वर्षांच्या प्रकल्पाचा प्रश्न त्याने दोन वाक्यांत मांडला होता.

पास बरोबर जातो तो गणिताने. या खेळात चेंडूचा वेग दर टिकेला ०.९४ पट होतो. अडीच मीटर प्रति टिक वेगाने मारलेला चेंडू २० मीटर जायला ११ टिका घेतो. तेवढ्यात समोरचा फार तर नऊ-दहा मीटर पळेल. मग तो कुठे पोचू शकत नाही ते काढायचं आणि तिथे चेंडू मारायचा. (चेंडूला उंची नाही, त्यामुळे डोक्यावरून टाकलेला पास इथे नाहीच. ते दुःख वेगळं.) अकियामा आणि नाकाशिमा यांच्या 'हेलिऑस' संघाने हा हिशोब एका पासवर न थांबवता पुढच्या पास, ड्रिबल, शॉटच्या साखळीपर्यंत नेला, अनेकदा जगज्जेतेपद मिळवलं, आणि आपला पायाभूत कोड सगळ्यांना खुला करून दिला. आज जगातले कितीतरी संघ त्याच कोडवर उभे आहेत. माझाही.

मामाला खटकलं ते वेगळंच होतं. सर्व्हर खेळाडूला दहा अक्षरं ओरडायची मुभा देतो, आणि पास देणारा त्यात घेणाऱ्याचा नंबर आणि चेंडू कुठे पडेल ते ठिकाण सांकेतिक भाषेत सांगून टाकतो. घेणारा त्या जागी धावतो. नियमात बसतं, पण शाहू स्टेडियमवर कुणी "एक्केचाळीस पॉइंट दोन" असं ओरडलेलं मी ऐकलेलं नाही. तिथे ओरडतात ते "मागं माणूस!" किंवा नुसतं "दे!" आणि बाकीचं ज्याचं त्याने ओळखायचं.

म्हणून मी माझ्या संघाची ती हाक काढून टाकली. आता घेणाऱ्याने स्वतः बघून ओळखायचं. आणि बघणं या सर्व्हरवर फुकट नाही. ६० अंशांत बघितलं तर दर टिकेला चित्र मिळतं, १२० अंशांत दर दोन टिकांनी, १८० अंशांत तीन टिकांनी. लांबच्या खेळाडूचं अंतर अंदाजेच कळतं, आणखी लांबचा असेल तर त्याचा नंबरही दिसत नाही. पहिले काही आठवडे चेंडू सारखा बाहेर जात होता. मग शिकता शिकता खेळाडूंनी एक गोष्ट सुरू केली: पास येण्याआधीच मान वळवून इकडेतिकडे बघायला लागले.

नॉर्वेचे गेइर योर्देत यांनी इंग्लिश प्रीमियर लीगच्या मिडफिल्डरांवर हेच मोजलं होतं. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा मान वळवतात त्यांचे पास जास्त नीट जातात. इथे जपानमध्ये शाळकरी पोरांचे कोच मैदानाकडेने "कुबी ओ फुरे!" म्हणून ओरडत असतात, म्हणजे मान फिरव. आणि आमच्या सर्व्हरमधल्या आज्ञेचं नाव आहे 'टर्न नेक'. हे लक्षात आलं त्या दिवशी मी लॅबमध्ये एकटीच हसत होते.

अडचण एवढीच की माझा संघ आता जास्त हरतो. सेमिनारमध्ये सेन्सेईंनी आलेख बघितला, "नारुहोदो" म्हणाले, आणि थोडं थांबून फार सौम्यपणे विचारलं, "जिंकण्याचं प्रमाण?" इथे इतक्या सौम्यपणे विचारलेला प्रश्न गंभीर असतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली. 'आउन नो कोक्यू' म्हणजे न बोलता श्वास जुळणं ही इथली कौतुकाची गोष्ट. पण ती वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्यांची. बाहेरून आलेल्याला आधी बरीच मान वळवावी लागते.

ओरडणं परत सुरू केलं तर आठवड्याभरात संघ जिंकायला लागेल. माझा करार मार्चअखेर संपतो, मुदतवाढीच्या अर्जात स्पर्धेतल्या निकालाला रकाना आहे, आणि मला तो विचार रोज येतो. पण हाक परत आली की माना पुन्हा थांबतील, हेही मी तपासून बघितलं आहे. त्यामुळे निकालाच्या रकान्यात खरे आकडे लिहिले आहेत आणि मान वळवण्याचा आलेख 'इतर' खाली जोडला आहे. मामाने ताजा सामना बघितला. म्हणाला, "हारल्यात, पण आता खेळत्यात." हे जपानीत कसं लिहायचं ते अजून जमलेलं नाही. अर्जाची मुदत शुक्रवारी आहे.