दोन आण्यांचा हिंग

माझ्या आईच्या वहीत कैरीच्या लोणच्याचे एक पान आहे. तेल पिऊन कागद आरपार दिसू लागला आहे आणि कडा हळदीने पिवळ्या झाल्या आहेत. फोडी पाच शेर, मीठ एक शेर, मग मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट असे सारे ओळीने मापात मांडलेले आणि सर्वांत खाली, ‘हिंग दोन आण्यांचा’. पानावर तारीख नाही. आईने अख्ख्या वहीत कुठेच तारीख घातलेली नाही.

तरीही या पानाचे वय काढता येते. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द त्यानंतरही कित्येक वर्षे बोलण्यात राहिले, कारण २५, ५० आणि ७५ पैशांत ते नेमके बसत होते. दोन आण्यांचे मात्र साडेबारा पैसे होतात, आणि तसे नाणे निघालेच नाही. शेराचेही तेच झाले. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारातून उठला आणि किलो आला. तेव्हा शेर आणि दोन आणे एकाच पानावर नांदत असतील तर ते पान १९५७च्या आधीचे किंवा फार तर आसपासचे. आई तेव्हा नुकती सून म्हणून घरात आली होती.

पान उलटले की वेगळ्या शाईत एकच ओळ आहे: ‘यंदा कैऱ्या विकत. गावाहून आल्या नाहीत.’

ती ओळ मी अनेकदा वाचली होती आणि अनेकदा पुढे गेले होते. आई ऐंशीच्या पुढे गेल्यावर एका मे महिन्यात आम्ही दोघी फोडी करत बसलो होतो. मी अडकित्त्याने कैरी चिरत होते, ती कोय काढून फोडी पुसत होती. तेव्हा सहज विचारले, कैऱ्या का नव्हत्या आल्या? ती म्हणाली, झाड कुळाकडे गेले ना. दशमान नाणी आली तोच दिवस, १ एप्रिल १९५७, मुंबई राज्याच्या कुळकायद्यात कृषक दिन म्हणून ठरला होता. त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. आमच्या घरच्या कागदपत्रांत याचा एक जाडजूड गठ्ठा आहे, पण घरात तो कोणी उघडत नसे. वहीत मात्र एका ओळीत सगळे होते. ज्या घरची जमीन गेली तिथे कैऱ्या विकत येऊ लागल्या. ज्या घरात ती आली, तिथे कोणा बाईने त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा स्वतःच्या झाडाची बरणी भरली असेल. त्या घरातही एखादी वही असेल, किंवा वही नसेल तर एखादी आजी तरी असेल. तिची बाजूही लिहिली गेली पाहिजे.

अन्नतंत्रज्ञान शिकवण्यात आणि घरगुती साठवणीच्या पदार्थांचे वर्ग घेण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली. वर्गात बायका कृती विचारायला येत आणि बोलता बोलता घराण्याची हकीकत सांगून जात. निवृत्तीनंतर मी त्या हकीकती नोंदवू लागले. तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘आजी, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असे विचारले की बहुतेक आज्या म्हणतात, माझे काय सांगायचे! ‘तुमच्याकडे कुरडईचे गहू किती दिवस भिजवायचे?’ असे विचारले की तासभर थांबत नाहीत.

कारण कुरडई एकट्याने होत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत सोऱ्याने घालून मोकळे व्हायचे. चीक घोटायला कोण होते, सोऱ्या कोण दाबत असे, राखणीला कोणत्या पोराला बसवत, शेजारची कोण येई आणि कोणाला बोलावत नसत, हे सगळे कृतीतच येते. पापडाच्या लाट्या कोण पळवत असे हे सांगताना एखाद्या घरात लहानपणीच गेलेल्या भावाचे नाव पन्नास वर्षांनी उच्चारले जाते.

साठवणीला प्रदेशही असतो. रायगड-ठाण्याकडे पावसाआधीच्या दिवसांना आगोट म्हणतात, आणि आगोटीचा बाजार म्हणजे मीठ, मसाला, कांदे, सुके बोंबील, जवळा, सोडे. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि मे अखेरीस म्हापसा-मडगावला भरणाऱ्या फेस्तात मिरच्या, आमसुले, सुकी मासळी यांचे ढीग लागतात. खानदेशात ज्वारीच्या बिबड्या, कोकणात फणसपोळी आणि रातांब्याच्या सालींना त्यांच्याच रसाची पुटे देऊन वाळवलेली आमसुले. लग्न होऊन घाटावर आलेली कोकणातली मुलगी पहिल्या वर्षी काय शिकली आणि काय सोडून आली, याचा माग या पदार्थांवरून लागतो.

म्हातारी माणसे जुन्याच गोष्टी उगाळत बसतात, ही तक्रार घराघरांत ऐकू येते. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात सांगितले की गेलेल्या आयुष्याकडे असे वळून पाहणे ही उतारवयातली स्वाभाविक आणि गरजेची गोष्ट आहे, बुद्धी ढासळल्याचे लक्षण नव्हे. आपल्याकडच्या बायकांनी ते आधीच करून दाखवले होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत प्रसिद्ध होऊ लागली. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली निघाले ते कावेरी कर्वे यांनी संपादन केले म्हणून. दुसऱ्याची आठवण कागदावर नीट उतरवणारे असे माणूस प्रत्येक घरात एक तरी हवे.

सन विचारू नये. वयस्क माणसाला सन आठवत नाही आणि आठवत नाही याची लाज वाटते. त्याऐवजी घटना विचाराव्यात. पानशेत फुटले (१२ जुलै १९६१) तेव्हा लोणचे घातलेले होते का? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा कोणत्या घरात राहत होता? बहात्तरच्या दुष्काळात डाळ मिळत होती का, सांडगे कशाचे केले? वये ठरवण्यासाठी पाहणी करणारेही अशाच स्थानिक घटनांचा आधार घेतात. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या कोणाला पानशेतविषयी विचारून पाहा. वाहून गेलेल्या बरण्यांपासून सुरुवात होईल आणि हकीकत कुठवर जाईल ते सांगता येत नाही.

आता मापाविषयी, कारण इथे माझा जुना पेशा आड येतो आणि मी तो येऊ देते. कमलाबाई ओगले यांनी १९७०च्या ‘रुचिरा’त वाटी आणि चमचा ही मापे धरली, म्हणून ते पुस्तक नवख्या मुलींच्याही हाती चालले. घरातल्या वह्यांत मात्र ‘अंदाजाने’, ‘मूठभर’, ‘लागेल तसे’ असते. आजीच्या हाताखाली वजनकाटा ठेवावा. तिने मूठ भरली की ती आधी काट्यावरच्या वाटीत ओतून घ्यावी आणि आकडा टिपावा. तीनदा घेतले तर तीनही मुठी जवळजवळ सारख्या निघतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिले आहे. तिचा अंदाज हे मापच असते, फक्त ते तिच्या हातात असते. शेर लिहिलेला असेल तर तो वजनाचा की मापाचा हेही विचारावे, कारण धान्याचा मापी शेर गावोगाव वेगळा होता.

हे टिपणे आठवणीपुरते नाही, जिवाच्या काळजीचेही आहे. आईच्या पानावर फोडी पाच शेर आणि मीठ एक शेर आहे, म्हणजे फोडींच्या २० टक्के. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ ही लोणचे वर्षभर टिकण्याची किंमत आहे. मिठाने पाणी बांधले जाते, कैरीच्या आंबटपणात विषारी जंतू वाढत नाहीत, मोहरी फेसली की तिचा झणका बुरशीला रोखतो आणि वर आलेले तेल हवा अडवते. आज रक्तदाबामुळे मीठ निम्मे होते, तेल कमी होते, बरणी मात्र पूर्वीसारखी फडताळात राहते. मग बुरशी आली की आजीची कृती चुकली असे म्हणतात. कृती चुकलेली नसते, बदललेली असते. मीठ कमी करायचे तर लोणचे फ्रिजमध्ये ठेवावे आणि लवकर संपवावे. तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवूच नये. त्यात आंबटपणा नसतो आणि तेलाखाली हवा नसते, त्यामुळे बोटुलिझमचे जंतू तिथे वाढू शकतात.

विटाळाचेही लिहावे. पाळीच्या दिवसांत बरणीला हात लावला तर लोणचे नासते, असे सांगून पिढ्यान्‌पिढ्या बायकांना बाजूला बसवले गेले. लोणचे नासते ओल्या चमच्याने आणि न पुसलेल्या फोडींनी. कोणी बाजूला बसायचे, विधवेच्या ताटात काय वाढायचे नाही, मुलांच्या आधी कोण जेवायचे, हे सांगताना पुष्कळ आज्यांचा आवाज बदलतो. अशा वेळी फोनवरचे ध्वनिमुद्रण चालू ठेवायचे की बंद करायचे, हे त्यांनी ठरवावे. त्या ‘हे लिहू नको’ म्हणाल्या तर लिहू नये.

अशी कामे मोठ्या प्रमाणावरही झाली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवा यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्यावर जाते थांबले आणि ओवीची जागाही गेली. ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून मुंबईत बायकांच्या आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह करते आहे. पण तुमच्या आत्याची सांडगी मिरची आणि तिचा नांदायला आलेला पहिला उन्हाळा कोणत्याही संस्थेकडे जाणार नाही. तो घरच्यांनीच टिपायचा.

लागते फार थोडे. अर्ध्या तासाहून मोठी बैठक नको. सुरुवातीला तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव मोठ्याने म्हणावे. मिक्सर बंद असावा, पाट्यावरवंट्याचा आवाज आला तरी चालेल. जुन्या वहीचे फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात घ्यावेत. तिला प्लास्टिकचे लॅमिनेशन मुळीच करू नये, कागद आतल्या आत बरबाद होतो आणि मग सोडवता येत नाही. लग्नपत्रिकेच्या पाठीवरच्या किंवा ‘कालनिर्णय’च्या पानामागे टिपलेल्या कृतीही फेकू नयेत. पत्रिकेवर तर तारीख छापलेलीच असते.

आईची वही आता माझ्याकडे आहे. शेवटची काही पाने कोरी आहेत, त्यांवर मी तिने सांगितलेले तारखांसह लिहिले आहे.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मोरावळा घालाल, तेव्हा घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला शेजारी बसवा, आवळे टोचायला द्या आणि विचारा, तुमच्या माहेरी किलोभर आवळ्यांना साखर किती घालत असत, आणि आवळे कुठून येत?