घर कुणाचं उरतं?



सोलापुरात भैया चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे. महापालिकेनं ते स्मारक म्हणून जपलंय. मागच्या १० ऑक्टोबरला, डॉक्टरांच्या जयंतीला, अभ्यासवर्गातली अकरा पोरं-पोरी घेऊन आम्ही तिथं गेलो. बघून झाल्यावर चहाच्या टपरीवर एकानं तोंडावरच विचारलं, "दादा, ह्या घराशी आपला काय संबंध?"

प्रश्न उद्धट नव्हता. सवर्ण मध्यमवर्गीय घर, त्यात माणूस कम्युनिस्ट. आपल्या पोरांना हा प्रश्न पडलाच पाहिजे. आम्ही मात्र सवयीनं भाषण सुरू केलं. १९३८ साली जपानी हल्ल्यात होरपळणाऱ्या चीनमध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि आपल्या सोलापूरचे कोटणीस होते. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. त्याच १९३८ च्या ७ नोव्हेंबरला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांना सोबत घेऊन मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. म्हणजे दोन प्रवाह कधी एका रस्त्यावर आलेच नाहीत, असं नाही.

पोरगा सगळं ऐकून म्हणाला, "ते ठीकाय. पण आपल्या माणसांचं असं घर सोलापुरात कुठंय?"

ह्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. पुढचं वर्ष त्याच्या मागंच गेलं.

पुन्हा गेलो ते ९ डिसेंबरला. तारीख अडचणीची. ६ डिसेंबरला निम्मी वस्ती चैत्यभूमीला गेलेली, सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून अंग मोडून परतलेली. चौघंच आले. पण चौघं असले की माणूस नीट बघतो. आधीच्या खेपेला फोटो काढण्यातच वेळ गेला होता, आमचासुद्धा. ह्या वेळी आमच्यातल्या एकीनं एक साधी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, स्मारक करायचं तर आधी घर पक्कं पाहिजे, घरात कपाट पाहिजे, कपाटात पत्रं पाहिजेत आणि पत्रं लिहायला-वाचायला घरात दोन माणसं शिकलेली पाहिजेत. समाजशास्त्रात एम. ए. करताना सांस्कृतिक भांडवल ह्या विषयावर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. तिनं ते एका वाक्यात उरकलं.

आता आपली घरं घ्या. सोलापूर गिरण्यांचं गाव. आपले आजे-पणजे गिरणीत राबले आणि भाड्याच्या खोलीत नाहीतर पत्र्याखाली राहिले. गिरणी गेली, खोली गेली. त्याच शहरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडलं होतं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण लोक त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. तिथल्या घराचं कुणी स्मारक केलेलं आम्हाला तरी माहीत नाही.

बाबासाहेबांना हे आपल्याआधी कळलं होतं. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वीसहून जास्त वर्षं काढलेला माणूस. दादरला राजगृह बांधलं ते मुळात पुस्तकांसाठी. नावसुद्धा मगधातल्या बौद्ध राजगृहावरून ठेवलं. ७ जुलै २०२० ला त्याच राजगृहाच्या आवारात कुंड्या फोडल्या, मोडतोड केली. लॉकडाउन होता, आम्ही सोलापुरात मोबाइलवर निषेध लिहीत बसलो होतो. लंडनमधलं बाबासाहेब राहिलेलं घर सरकारनं २०१५ साली विकत घेतलं, चांगलंच झालं. पण प्रत्येक घर सरकार विकत घेईल ह्या आशेवर आपण किती दिवस बसायचं?

जानेवारीचे कार्यक्रम ठरल्याप्रमाणं झाले. ३ तारखेला सावित्रीमाई, १२ तारखेला सोलापूरचे चार हुतात्मे. दोन्ही वेळा भाषण लांबलं. दुसऱ्या वेळी वक्ते आम्हीच होतो, म्हणून तक्रार करत नाही.

फेब्रुवारीत जे घडलं ते मात्र सांगितलंच पाहिजे. आमच्या शेजारच्या वस्तीत चळवळीतले एक म्हातारे कार्यकर्ते होते. नाव सांगत नाही, घरच्यांना त्रास नको. त्यांच्याकडं एक पत्र्याची ट्रंक होती. हस्तपत्रकं, पावतीपुस्तकं, सभांचे फोटो, धर्मांतराच्या काळातल्या वह्या. दोन वर्षं आम्ही म्हणत होतो, बाबा, एकदा बसून सगळ्याची यादी करू. ते म्हणायचे, या की, मी कुठं जातोय. ते गेले. आम्ही तेव्हा वारसा ह्या विषयावरच्या एका शिबिराला परगावी होतो. तेराव्या दिवशी पोहोचलो तर ट्रंक रिकामी करून तिच्यात गहू भरला होता. कागद रद्दीत गेले होते. मुलाचा दोष नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथं कागदाला जागा मागणारे आम्ही कोण? दोष यादी न करणाऱ्यांचा आहे.

त्या आठवड्यात एप्रिलच्या जयंतीची वर्गणी ठरवायची बैठक होती. आम्ही म्हणालो, डीजेच्या पैशातून एक स्कॅनर घेऊ. मोठा वाद झाला. अर्धा विजय मिळाला: डीजे राहिला, एक दिवस कमी झाला, स्कॅनर आला.

वर्षावासात अभ्यासवर्गाला एक काम दिलं. आजीचं घर काढा. आजी जिथं नांदायला आली त्या घराचा नकाशा, चूल कुठं, पाणी कुठून, पुस्तक असलंच तर कुठं ठेवलेलं. एका मुलीनं कॅलेंडरच्या पाठीमागं नकाशा काढून आणला. आजी विड्या वळणारी. तिनं वळता वळता तीनदा दुरुस्ती केली, चूल हलवली, दार फिरवलं. नळ नकाशाच्या कागदात मावेना, इतका लांब होता. तो नळ बघताना आम्हाला दक्षिण सोलापुरातल्या वळसंगची विहीर आठवली. १९३७ साली बाबासाहेबांनी तिथं येऊन ती लोकांसाठी खुली केली. पुण्याच्या फुलेवाड्यातसुद्धा बघायचं ते हौदच, जोतिबांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केलेला. आपल्या घराचा नकाशा काढायचा तर पाण्यापर्यंत न्यावा लागतो, भिंतीपाशी थांबून चालत नाही.

असे सतरा नकाशे जमलेत. काहींत आत्याचं आणि आजीचं पटत नाही, तेही तसंच टिपून ठेवलंय.

ह्या १० ऑक्टोबरला ती विडीवाली आजी आमच्यासोबत कोटणीसांच्या घरी आली. सगळं सावकाश बघितलं. डॉक्टरांच्या चिनी बायकोच्या, कुओ चिंगलानच्या फोटोसमोर थांबली, "लई लांब दिली की गं पोरगी" म्हणाली. कुणी हसलं नाही. मग आम्हाला विचारलं, "ह्या घरात भांडी कोण घासत होतं? ती बाई कुठं राहत होती?"

मागच्या वर्षी प्रश्न विचारणारा पोरगा बाजूलाच उभा होता. त्यानं वही काढली आणि आजीचे दोन्ही प्रश्न लिहून घेतले. येत्या रविवारी तो आणि आणखी दोघं भैया चौकाच्या आसपासच्या जुन्या माणसांना भेटायला निघालेत. स्कॅनर सोबत नेतायत.